गड्ड्याच्या गर्दीत मॅसिव्ह मायमोचा इंटरफेरन्स कसा आवरायचा

जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची जत्रा, भरला की मोबाईलवर दांड्या फुल दिसतात आणि फोटो काय जात नाही, मग कुणीतरी म्हणणारच, पॉवर वाढवा. नका वाढवू ओ. शेजारच्या सेलनं (बाजूच्या टॉवरच्या पट्ट्यानं) पण वाढवली की सिग्नल आणि इंटरफेरन्स, म्हणजे दुसऱ्या सिग्नलची गडबड, यांचा रेशो जिथल्या तिथं. मॅसिव्ह मायमो म्हणजे टॉवरवर ढीगभर अँटेना लावून एकाच वेळी बऱ्याच युजर्सना वेगवेगळे बीम देणं, तिथं ही गडबड अशी आवरायची.

पहिलं मोजमापाचं लॉग काढा आणि आरएसआरपी (सिग्नलची ताकद), एसआयएनआर (सिग्नलचा इंटरफेरन्स आणि नॉइजशी रेशो) शेजारी-शेजारी बघा. आरएसआरपी −80 डीबीएम आणि एसआयएनआर 2 डीबी, म्हणजे सिग्नल भरपूर हाय पण शेजारचा सेल डोक्यावर बसलाय. आरएसआरपीच −115 असेल तर ते कव्हरेजचं दुखणं. दोन्ही छान असून स्पीड नसेल तर पीआरबी (सेलकडं वाटायला असलेले फ्रिक्वेन्सीचे तुकडे) भरलेत का बघा. आणि हे बरेच जण विसरतात, लॉगमधला एसएस-एसआयएनआर (वरचाच एसआयएनआर) एसएसबीवर, म्हणजे सेल सगळ्यांसाठी सोडतो त्या ओळखीच्या सिग्नलवर, मोजलेला असतो, आपल्याच सेलमध्ये एकाच वेळी दिलेल्या युजर्सची एकमेकांत होणारी गडबड त्यात दिसतच नाही. त्यासाठी पेअर केलेल्या, म्हणजे एकाहून जास्त युजर्सना एकदमच दिलेल्या, स्लॉटचा बीएलईआर (चुकलेल्या ब्लॉकचं प्रमाण) आणि एकट्या युजरच्या स्लॉटचा बीएलईआर वेगळा काढा, पहिलाच जास्त असेल तर चोर घरातच आहे.

आता खरं काम पेअरिंगचं. 64 अँटेना आहेत म्हणून कुणालाही कुणाबरोबर बसवता येत नाही. भज्याच्या स्टॉलसमोर खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोघं टॉवरला जवळपास एकाच दिशेत दिसतात, त्यांचे चॅनेल (टॉवर ते फोन रेडिओची वाट) सारखे, आणि झिरो फोर्सिंगनं (एकाचा बीम दुसऱ्याच्या जागी शून्य करायची पद्धत) त्यांना जबरदस्तीनं वेगळं करायला गेलात तर सगळी पॉवर एकमेकांना नल करण्यातच जाते. त्यांना वेगवेगळे पीआरबी द्या, आणि पेअर करा तो स्टॉलवाला आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाचा माणूस. कोरिलेशनचा, म्हणजे दोघांचे चॅनेल किती सारखे चालतील त्याचा, थ्रेशोल्ड गर्दीच्या दिवसात कडक ठेवा, लेअर (एकाच वेळी सोडलेले वेगवेगळे प्रवाह) कमी होतील, होऊ देत, चार स्वच्छ लेअर आठ घाण लेअरपेक्षा कधीही बरे. टॉवर जवळ असेल तर उंचीचा पण फायदा होतो, पाळण्याच्या वरच्या डब्यातला आणि खाली तिकिटाच्या रांगेतला माणूस उभ्या कोनात वेगळे पडतात, फक्त पाळणा फिरायला लागला की एसआरएसवरून (चॅनेल मोजायला फोन टॉवरला पाठवतो तो सिग्नल) काढलेली माहिती शिळी.

शिळेपणाचा हिशोब हायवेवर नीट कळतो. पुणे-हैदराबाद हायवेवर 60 च्या स्पीडनं गाडी, 3.5 गिगाहर्ट्झ, डॉपलर (गाडी पळते म्हणून फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) साधारण 195 हर्ट्झ, म्हणजे चॅनेल दोन-एक मिलिसेकंदात बदलतो आणि एसआरएस येतोय 10 किंवा 20 मिलिसेकंदांनी. असल्या युजरला पेअरिंगमधून सरळ बाहेर काढा, एकट्यालाच द्या.

प्रीकोडिंगमध्ये, म्हणजे अँटेनांना सिग्नल वाटून बीम बनवताना, शुद्ध झिरो फोर्सिंगपेक्षा रेग्युलराइज्ड वापरा, सेलच्या कडेला सिग्नल नॉइजच्या मानानं कमजोर असतो तिथं ते सांभाळून घेतं.

शेजाऱ्यांचा त्रास असेल तर आधी जीपीएस सिंक बघा, टीडीडीत (एकाच फ्रिक्वेन्सीवर डाउनलिंक-अपलिंक आळीपाळीनं) 1.5 मायक्रोसेकंदाच्या बाहेर घड्याळ गेलं की शेजारच्याचा डाउनलिंक आपल्या अपलिंकमध्ये घुसतो आणि मग बाकी काहीही करा, उपयोग नाही. सिंक ठीक असेल तर शेजारच्या सेलचे एसआरएस एकाच रिसोर्सवर आदळत नाहीत ना ते बघा. हे पायलट कंटॅमिनेशन (चॅनेल मोजायच्या सिग्नलची भेसळ), 2010 मध्ये संशोधक थॉमस मार्झेटांनी दाखवलं होतं की अँटेना कितीही वाढवल्या तरी ते जात नाही. बीम आपल्या युजरबरोबर शेजारच्या युजरकडेही वळतो. एसआरएसचा सिक्वेन्स, कॉम्ब (ठरावीक अंतरानं कुठल्या फ्रिक्वेन्सी घ्यायच्या ते) बदलून द्या.

शेवटी टिल्ट, म्हणजे अँटेनाचा खाली झुकाव, एका वेळी एकच डिग्री, आणि प्रत्येक वेळी गर्दीच्या त्याच तासाचे आकडे बघूनच पुढची डिग्री.