व्हिटॅमिन सीचं टायट्रेशन: आदल्या रात्रीपर्यंत काय काय जमवायचं

भाचीचा बारावीचा प्रोजेक्ट आहे, फळांमधलं व्हिटॅमिन सी आयोडिनने टायट्रेट करून मोजायचं (रसात स्टार्च घालून आयोडिन थेंबथेंब सोडायचं, सी आहे तोवर ते आयोडिन खातं, सी संपलं की रंग निळा होतो, तोच एंडपॉइंट), आणि तिच्या ग्रुपमधल्या चौघी मला रोज एकेक करून विचारतायत की आत्या काय काय न्यायचं, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी फळ ठरवा. चौघींनाही द्राक्षंच घ्यायचीत, का तर नाशिक! ठीके, पण द्राक्षात सी अगदीच किरकोळ असतं, १०० ग्रॅमला जेमतेम एका आकड्यातले मिलीग्रॅम, म्हणजे ब्युरेटचं (आयोडिन सोडायची आकडे कोरलेली उभी नळी) रीडिंग येणार पाच-दहा थेंबांचं आणि त्यात एक थेंब इकडेतिकडे झाला की उत्तर कुठल्याकुठे. काळी द्राक्षं तर नकोच, त्या रंगात निळा एंडपॉइंट दिसणारच नाही. पेरू घ्या, पांढऱ्या गराचा. त्यात १०० ग्रॅमला २०० मिलीग्रॅमच्या आसपास सी असतं, रीडिंग छान भरघोस येतं. दुसरं लिंबू, आणि मिळाला तर आवळा, थंडीत मिळतोच. द्राक्षं घ्यायचीच असतील तर त्यांचं आम्ल मोजा, कॉस्टिक सोडा आणि फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या इंडिकेटरने, ०.१ नॉर्मल तीव्रतेच्या सोड्याचा १ मिली म्हणजे ७.५ मिलीग्रॅम टार्टरिक अ‍ॅसिड. वाइनवाले सुद्धा द्राक्ष तोडायच्या आधी हेच बघतात, पण तो वेगळा प्रोजेक्ट झाला. आणि बाटलीतलं सरबत, स्क्वॅश वगैरे सॅम्पल म्हणून नेणार असाल तर लेबल वाचा, २२३ किंवा २२४ नंबरचं प्रिझर्व्हेटिव्ह असेल तर ते सल्फाइट आहे आणि ते पण आयोडिन खातं, मग तुमच्या सरबतात आवळ्यापेक्षा जास्त सी निघेल आणि सर हसतील.

आता सोल्यूशन्स. आयोडिन घरी आणायचं नाही, ते लॅबमध्येच सरांसमोर बनवायचं, गॉगल आणि अ‍ॅप्रन घालून. ०.००५ मोलर तीव्रतेचं २५० मिली पुरतं, त्याला ०.३२ ग्रॅम आयोडिन लागतं आणि साधारण अडीच ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड. आयोडाइड आधी थोड्याशा पाण्यात विरघळवा, त्यात आयोडिन घाला, पूर्ण विरघळलं की मगच पाणी वाढवा, कारण साध्या पाण्यात आयोडिन विरघळायला मागत नाही, नुसतं तळाशी चमकत बसतं. ब्राउन बाटलीत भरा. स्टार्च मात्र त्याच सकाळी करा, १ ग्रॅम थंड पाण्यात कालवून १०० मिली उकळत्या पाण्यात ओतायचं, मिनिटभर उकळायचं, खीर घट्ट होते तसं नको, पातळच हवं. गार झालं की दर फ्लास्कला १ मिली. कालचं-परवाचं स्टार्च वापरू नका, ते खराब होतं आणि निळ्याऐवजी भलताच लालसर रंग देतं.

गोळी विसरू नका!! मेडिकलमधली ५०० मिलीग्रॅमची सीची गोळी, खलात कुटून ५०० मिली पाण्यात, झालं १ मिलीला १ मिलीग्रॅम. याचे १० मिली घेऊन आधी टायट्रेट करायचं, आयोडिन बरोब्बर ०.००५ असेल तर ११.४ मिलीच्या आसपास लागेल. तुमचं समजा १२.२ आलं, तर घाबरायचं नाही, १० भागिले १२.२, म्हणजे तुमच्या आयोडिनचा १ मिली ०.८२ मिलीग्रॅम सीला पुरतो, हाच आकडा वहीत चौकट करून ठेवा आणि पुढे सगळीकडे हाच वापरा. आमच्या वेळी आम्ही ही पायरी गाळली होती, पुस्तकातला ०.८८ धरला, आणि तीन फळांची तिन्ही उत्तरं सारख्याच प्रमाणात चुकली, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ते एका मिनिटात पकडलं गेलं.

पाणी डिस्टिल्डच हवं, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने सी कमी होतं. पाच लिटरचा कॅन आणा, दोनाने भागत नाही, धुण्यातच संपतो. आणि तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नको. आपल्या भांडीबाजाराचा कितीही अभिमान असला तरी तांब्याचा अंश रसात उतरला की हवेतल्या ऑक्सिजनने सी झपाट्याने जातं. काच किंवा स्टील. सुरीपण स्टीलची, लोखंडी विळी घरीच ठेवा.

ब्युरेट काचेच्या कॉकचं मागा, रबराची नळी आणि चिमटा असलेलं नको, आयोडिन रबराला खातं. ब्युरेट आयोडिनने खळबळायचं, पिपेट (रस मोजून घ्यायची नळी) रसाने, आणि कोनिकल फ्लास्क फक्त पाण्याने, हे उलटं करणारी एक तरी असतेच. फनेल काढून ठेवा, नोझलमधला बुडबुडा घालवा. आयोडिन गडद असल्यामुळे खालचा मेनिस्कस, म्हणजे नळीतल्या द्रवाचा वाकलेला तळ, दिसत नाही, वरची कड वाचा, परमँगनेटला वाचता तशीच. निळा रंग हलवल्यावर पंधरा-वीस सेकंद टिकला की थांबा. पहिलं रीडिंग पायलट, नुसतं अंदाजापुरतं, मग तीन एकसारखी येईपर्यंत.

पेरू सकाळी न कापता न्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. ब्युरेट भरलं, गोळीचं रीडिंग झालं, की मगच सुरी चालवायची. ५० ग्रॅम गर, थोडं पाणी, मिक्सरमध्ये अर्धा मिनिट, मलमलच्या फडक्यातून गाळून २५० मिली करायचं, त्यातले २० मिली फ्लास्कमध्ये. समजा ९ मिली आयोडिन लागलं, तर ९ गुणिले ०.८२ म्हणजे ७.४, त्याला साडेबाराने गुणलं की ५० ग्रॅमचे ९२, आणि १०० ग्रॅमला १८४ च्या आसपास. शेजारी आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) रोजच्या गरजेचा आकडा लिहा, मोठ्या बायकांना दिवसाला ६५ मिलीग्रॅम, पुरुषांना ८०. तुलनेला त्याच रसाचा एक भाग दहा मिनिटं उकळा, पण वाफेने गेलेलं पाणी परत भरून मूळ मापावर आणा, नाहीतर उकळल्यावर सी वाढलं असा शोध लागायचा. व्हायवासाठी एवढं लक्षात असू द्या की सी ऑक्सिडाइज होऊन जे डिहायड्रो रूप बनतं ते शरीराला चालतं पण आयोडिनला दिसत नाही, म्हणजे आपला आकडा थोडा कमीच असतो. ए, डी, ई, के चरबीत विरघळणारी, बी गट आणि सी पाण्यात. आणि सी वेगळं काढणाऱ्या सेंट-ज्यॉर्जींना १९३७ चं नोबेल, हे नाव दहादा म्हणून बघा, तोंडात बसत नाही.

बाकी जुना नॅपकिन, मार्कर, लेबलं, वजनाची पर्ची चिकटवायला गोंद. बोटांना आयोडिनचे डाग पडले तर उरलेल्या गोळीच्या पाण्यात बोटं बुडवा, लगेच जातात, अ‍ॅप्रनचे पण. पेरू चार जास्तीचे घ्या. लॅबच्या टेबलावर ठेवलेले खायचे नाहीत, हे चार बॅगेतच राहू द्या, आणि तिखट-मीठ कागदाच्या पुडीत बांधून घ्या, ते मी देणार नाही, ते तुमच्यातल्या कोणीतरी आणा.