पाच देशांच्या पाच बाटल्या आणि घरचे जेवण: वाइन चाखण्याची रीत

‘पांढरी वाइन माशांबरोबर, लाल वाइन मटणाबरोबर’ एवढ्या एकाच नियमाच्या भरवशावर काही वर्षांपूर्वी मी मित्रमंडळींना घरी जेवायला बोलावले होते. तांबड्या रश्श्यासोबत साडेचौदा टक्के अल्कोहोलची एक दणकट लाल वाइन वाढली आणि दुसऱ्याच घोटाला सगळ्यांनी पाण्याचा तांब्या मागितला. रस्सा उत्तम होता, वाइनही उत्तम होती. रंगावरून जोडी जमवणे तेवढे चुकले होते. वाइनमध्ये रंगापेक्षा चार गोष्टी पाहाव्या लागतात: आंबटपणा, गोडवा, तुरटपणा आणि अल्कोहोल. या चारही एकाच बैठकीत ओळखता याव्यात, अशा बेताने पुढील पाच बाटल्या निवडल्या आहेत.

जर्मनीतील मोझेल खोऱ्याची ‘काबिनेट’ प्रतीची रीसलिंग, न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यों ब्लां, इटलीची कियांती क्लासिको, अर्जेंटिनातील मेंदोसाची माल्बेक आणि पोर्तुगालची दहा वर्षे मुरलेली गोड टॉनी पोर्ट. यांतल्या पहिल्या दोन पांढऱ्या, पुढच्या दोन लाल. आयात शुल्कामुळे या बाटल्या महाग पडतात, म्हणून सहा जणांनी वर्गणी काढावी हे बरे. ७५० मिलीच्या एका बाटलीत चाखण्यापुरते, म्हणजे प्रत्येकी ५० मिली, असे पंधरा जणांचे वाढप होते. ५० मिली म्हणजे साधारण अर्धा कटिंग. पोर्ट त्याहूनही कमी घ्यावी. खरेदी करताना एक ध्यानात ठेवावे की युरोपातील लेबलांवर बहुधा गावाचे किंवा प्रदेशाचे नाव असते आणि द्राक्षाचे नाव आपल्याला ठाऊक असावे असे गृहीत धरलेले असते, तर न्यूझीलंड किंवा अर्जेंटिनाच्या बाटलीवर द्राक्षाचे नाव ठळक छापलेले असते. जर्मन बाटलीवर ‘ट्रोकन’ हा शब्द असेल तर ती कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली. आजच्या बेतासाठी ती नको.

तयारीत सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे तापमान. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, असे सगळीकडे लिहिलेले असते. परंतु ती खोली युरोपातील जुन्या दगडी घराची, साधारण १६ ते १८ अंशांची. पुण्यात एप्रिल महिन्यात त्याच सूचनेचे पालन केले तर ग्लासातून केवळ अल्कोहोलचा भपका येतो. म्हणून लाल बाटल्या वाढण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. पांढऱ्या मात्र फ्रिजमधून दहा-पंधरा मिनिटे आधी बाहेर काढाव्यात, कारण अति थंड वाइनला वास उरत नाही. ग्लास तोंडाशी निमुळता असावा आणि एक तृतीयांशाहून अधिक भरू नये. त्या संध्याकाळी घरात उदबत्ती नको, अत्तर नको आणि, सांगताना जड जाते, मोगऱ्याचा गजराही नको. पाणी, साधा पाव आणि थुंकण्यासाठी एखादे भांडे जवळ असावे. थुंकण्यात कमीपणा मुळीच नाही, व्यवसायाने चाखणारे लोक तेच करतात.

आता चाखण्याकडे वळू. क्रम वर दिला आहे तोच ठेवावा, फक्त रीसलिंग आणि सोव्हिन्यों यांची अदलाबदल करावी, कारण कोरडी आधी आणि गोड नंतर घेणे सोयीचे. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहावा, मग न हलवता एकदा आणि गोल फिरवून पुन्हा एकदा वास घ्यावा. बुरशी लागलेल्या ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बाधले आहे असे समजावे आणि ती बाटली बाजूला ठेवावी. मार्लबरोच्या ग्लासात पेरू, कापलेले गवत आणि हिरवी ढोबळी मिरची यांचा वास येतो. ढोबळी मिरचीचा हा भास नव्हे. मिरचीला तो वास देणारे रसायनच या द्राक्षातही असते. त्यानंतर लहानसा घोट घेऊन तो चूळ भरल्यासारखा तोंडात फिरवावा. तोंडाला किती पाणी सुटते यावरून आंबटपणा कळतो, हिरड्या आणि गाल किती आखडतात यावरून तुरटपणा, आणि घशाशी किती ऊब जाणवते यावरून अल्कोहोल. ग्लासच्या आतून ओघळणारे थेंब पाहून माना डोलावणारे लोक भेटतील. त्या थेंबांवरून वाइनचा दर्जा कळत नाही.

वाइन प्रथम नुसती चाखावी, मग एक घास खावा आणि पुन्हा तीच वाइन घ्यावी. बदल ओळखण्याचा याहून सोपा उपाय नाही.

सोव्हिन्यों ब्लांसोबत कोथिंबीर वडी ठेवावी. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात, सांसेर येथे याच द्राक्षाची वाइन शेजारच्या शाव्हिन्योल गावच्या शेळीच्या चीजसोबत घेतात, कारण तिचा आंबटपणा चीजचा स्निग्धपणा कापतो. तळलेल्या वडीच्या तेलावर तो तेच काम करतो आणि कोथिंबिरीचा हिरवा वास वाइनच्या वासात मिसळून जातो.

तांबडा रस्सा, कोळंबीचे झणझणीत कालवण, ठेचा यांच्या वाट्याला मात्र रीसलिंग. तिखटाने तोंडातील ज्या संवेदना पेटतात त्यांनाच अल्कोहोलही चेतवतो आणि तुरटपणा त्यात भर घालतो. माझी ती फसलेली मेजवानी याच कारणाने फसली. मोझेलच्या पाटीच्या दगडांच्या तीव्र उतारांवर पिकणाऱ्या काबिनेट रीसलिंगमध्ये अल्कोहोल आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास असतो, तुरटपणा नसल्यात जमा, आणि थोडी साखर शिल्लक असते. रश्श्याच्या घासानंतर ती साखर जिभेला निववते, शिवाय भरपूर आंबटपणामुळे ती सरबतासारखी वाटत नाही. तिखट जेवणासाठी एकच बाटली घ्यायची झाली, तर मी हीच घेईन.

कियांती क्लासिको फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या दरम्यानच्या टेकड्यांवरची. मानेवर काळ्या कोंबड्याची खूण आणि आत किमान ८० टक्के सांजोवेसे द्राक्ष. आंबट पदार्थापेक्षा वाइन कमी आंबट असेल तर ती पुळचट लागते, आणि सांजोवेसेचा आंबटपणा टोमॅटोला पुरून उरतो. म्हणून टोमॅटोच्या रसातली वांग्याची भाजी किंवा साधा पास्ता हिच्यासोबत शोभतो. सोलकढी मात्र कोणत्याही वाइनशेजारी ठेवू नये. ती स्वयंपूर्ण पेय आहे.

माल्बेकचे मूळ गाव फ्रान्समधील काओर. मिशेल पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने १८५३च्या सुमारास हे द्राक्ष अर्जेंटिनात नेले आणि अँडीजच्या पायथ्याच्या कोरड्या मेंदोसात ते रुजले. तेथे ही लाल, तुरट वाइन निखाऱ्यावर भाजलेल्या गोमांसासोबत पितात. कडक चहात दूध घातले की तुरटपणा ओसरतो, कारण दुधातील प्रथिने तो बांधून घेतात. मांसातील प्रथिनेही वाइनच्या तुरटपणाचे तेच करतात. घरी कमी तिखटाचे, खोबऱ्याचे सुके मटण किंवा कबाब करावेत.

टॉनी पोर्टमध्ये द्राक्षरसाचे आंबणे मध्येच द्राक्षाचे मद्यार्क घालून थांबवतात, त्यामुळे साखर उरते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या घरात जातो. मग ती लाकडी पिंपांत मुरते. गोव्यात स्वस्तात मिळणारी गोड ‘पोर्ट’ निराळी, नाव तेवढे पोर्तुगीजांच्या वारशाने आलेले. गोड पदार्थाबरोबरची वाइन त्याच्याहून गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. खमंग भाजलेल्या बेसनाचा लाडू आणि टॉनीतील अक्रोडाचा वास यांची जोडी एकदा करून पाहावी.

पुढील बैठकीला द्राक्ष एक आणि देश अनेक असा बेत करता येईल. शेनें ब्लां त्यासाठी उत्तम: एक बाटली ल्वारमधील व्हूव्रेची, दुसरी दक्षिण आफ्रिकेची, जिथे या द्राक्षाला पूर्वापार ‘स्टीन’ म्हणत आले, आणि तिसरी आपल्या नाशिकची. ल्वारमध्ये खुडणी पावसाची धास्ती बाळगत सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, तर नाशिकमध्ये जानेवारी ते मार्च या कोरड्या दिवसांत. तिन्ही ग्लास लेबले झाकून शेजारी ठेवावेत आणि कोणता कुठला हे कागदावर लिहून मगच झाकण काढावे.

उरलेल्या बाटल्या बूच लावून फ्रिजमध्ये उभ्या ठेवाव्यात, लालसुद्धा. तीन-चार दिवस त्या टिकतात, आणि टॉनी पोर्ट काही आठवडे.