ड्रग इलेक्ट्रोडचा (द्रावणातलं औषधाचं प्रमाण मोजणारा सेन्सर) स्लोप (प्रमाण दहापट झालं की व्होल्टेज किती बदलतं तो आकडा) नीट येत नाहीये? आधी हे बघा

पीव्हीसी मेम्ब्रेनचा (प्लास्टिकच्या पातळ पडद्याचा) इलेक्ट्रोड नवीन बनवला की लगेच रीडिंग घ्यायला बसू नका, त्याच औषधाच्या ०.००१ मोलर द्रावणात रात्रभर बुडवून ठेवा, नाहीतर आकडा सरकतच राहतो आणि आपण उगाच मीटरला शिव्या घालतो. मोजताना पातळ द्रावणाकडून स्ट्राँगकडे जायचं. सगळ्यात जास्त गंडतं ते पीएचमध्ये, लिडोकेनसारखं औषध (पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं औषध प्रोटॉन घेतलेलं असतं, साधारण ७.९) प्रोटॉन घेतलेलं असेल तरच इलेक्ट्रोडला दिसतं, म्हणून पीएच ५-६ च्या आसपास ठेवा, पण बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) सोडियमवाला घ्या, पोटॅशियम जास्त लुडबुड करतं. २५ अंशाला प्रमाणाच्या दर दहापटीला ५९ मिलीव्होल्टच्या जवळपास स्लोप आला की जमलं. आणि हो, मेम्ब्रेन टिश्यूने घासू नका, नुसतं टिपा.