गाडी थरथरते आणि पिकअप घेत नाही, तेव्हा काय तपासावे

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात, किंवा साताऱ्यातून कासला जाताना यवतेश्वरच्या चढावर पेट्रोल गाडी थरथरू लागते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही वेग धरत नाही, तेव्हा बहुतेक मालक गॅरेजमध्ये जाऊन ‘गाडीला पिकअप नाही’ एवढेच सांगतात. तेवढ्यावर मिस्त्रीला अंदाजानेच काम करावे लागते आणि नको ते भाग बदलले जातात. म्हणून गाडी नेमकी केव्हा थरथरते, हे आधी मालकाने स्वतः पाहावे.

सपाट जागी हँडब्रेक लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करावे. उभ्या गाडीतही सीट व स्टेअरिंग अनियमितपणे हादरत असतील आणि सायलेन्सरचा आवाज मधूनमधून तुटत असेल, तर बहुधा एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. गॅरेजमध्ये यालाच मिसिंग म्हणतात. उभी असताना शांत असलेली गाडी ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या आसपासच हादरत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) चढतात पण गाडी पळत नाही, असे असेल तर क्लच घसरत असण्याची शक्यता मोठी. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडी थरथर मुळातच असते; ती पूर्वीपेक्षा वाढली आहे का, हे पाहायचे.

मिसिंग असताना इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर घाट चढण्याचा हट्ट कृपया धरू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तिथे जळते, कन्व्हर्टर अतिशय तापतो आणि कायमचा निकामी होऊ शकतो. स्पार्क प्लगच्या (सिलिंडरमध्ये ठिणगी टाकणारा भाग) किरकोळ खर्चाचे काम अशाने फार महागात जाते.

त्यानंतर ओबीडी स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्राने, त्यात नोंदलेला बिघाडाचा कोड वाचून घ्यावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात. पी०३०० मात्र एकाच सिलिंडरकडे बोट दाखवत नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल, तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, दोषी सिलिंडरची कॉइल शेजारच्या कॉइलशी अदलाबदल करावी, जुना कोड पुसावा आणि गाडी पुन्हा चालवून पाहावी. मिसिंग कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेले, तर कॉइलच खराब आहे. या चाचणीला एक पैसाही लागत नाही, म्हणून नवी कॉइल घेण्यापूर्वी ती आग्रहाने करून घ्यावी.

मिसिंग जागचे हलले नाही, तर प्लग काढून पाहावा. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी जादा पेट्रोल दाखवते, आणि तेलकट थर इंजिन ऑइल आत येत असल्याचे सांगतो. प्लगच्या खड्ड्यात पाणी आहे का, तेही बघावे; पावसाळ्यात किंवा प्रेशरने इंजिन धुतल्यावर हे घडू शकते.

प्लग आणि कॉइल चांगले निघाले, तर एअर फिल्टर (उसाच्या हंगामात धुळीच्या रस्त्यांवर तो लवकर भरतो), इनटेकचे (इंजिनात हवा नेणारा मार्ग) फुटलेले व्हॅक्यूम पाइप, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आणि पेट्रोलचा दाब या क्रमाने तपासणी करून घ्यावी. तरीही एकच सिलिंडर मिसिंग दाखवत राहिला, तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब मोजण्याची चाचणी) केल्याशिवाय इंजिन उघडायला परवानगी देऊ नये.