आयन फनेल करताय? आधी शेवटचं भोक ठरवा

आयन फनेल म्हणजे भोक लहान होत जाणाऱ्या धातूच्या रिंगांची रांग; ती आयनांचा (विद्युतभारित कणांचा) पसरलेला झोत गोळा करून अरुंद करते. अंबड एमआयडीसीत (नाशिकची औद्योगिक वसाहत) रिंगा कापायला टाकण्याआधी शेवटच्या रिंगेचं भोक नक्की करा. आयन फनेलचं खरं गणित तिथंच अडतं. ते भोक दोन रिंगांमधल्या अंतराच्या जवळपास आलं की हलके आयन तोंडाशीच अडकतात. म्हणून मी अंतर ०.५ मिमी ठेवतो आणि भोक २ मिमीच्या खाली नेत नाही.

शेजारच्या रिंगांना उलट फेजचा आरएफ (उच्च फ्रिक्वेन्सीचा एसी व्होल्टेज) कपॅसिटरमधून द्या, रेझिस्टरच्या साखळीने रिंगेगणिक उतरता डीसी (स्थिर व्होल्टेज). आरएफ आयनांना रिंगांपासून दूर ठेवतो, डीसी पुढे ढकलतो. १९९७ साली अमेरिकेत रिचर्ड स्मिथ यांच्या गटाने ही रचना मांडली. काही टॉर (१ टॉर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा ७६०वा भाग) दाबात, जिथे वायूच्या धडकांनी आयन विखुरतात, तिथे ती फार सुंदर चालते.

कापून आलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेवरून नख फिरवा. बर (कापताना राहिलेली धारदार कड) लागली तर बारीक पॉलिश पेपरने काढाच, या दाबाला ठिणगी तिथूनच पडते. मग आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवा, जुळणी हातमोजे घालूनच.

आरएफ देणारी कॉइल मात्र रिंगांचा सगळा स्टॅक आणि वायरिंग जोडल्यावरच ट्यून करा. रिंगांची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) नुसती कागदावर धरली, तर फ्रिक्वेन्सी हमखास सरकते.