आपल्याच बुद्धीवर न टेकता निर्णय कसा घ्यावा

बायबलातलं नीतिसूत्रे ३:५ आपल्याला तोंडपाठ असतं: ‘आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.’ पण बेळगावजवळच्या खानापूरकडची वीस गुंठे जमीन घ्यायची की नाही, हे ठरवायची वेळ आली की या वचनाचं करायचं काय, ते कळत नाही. बुद्धी वापरू नको, असं वचन म्हणत नाही. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ टेकणं, अंगाचा भार टाकणं. शौल राजा आपल्या भाल्यावर टेकला होता (२ शमुवेल १:६), तिथेही तोच शब्द आहे. कन्नड बायबलात याच वचनात ‘आधार’ हा शब्द येतो; घरात दोन्ही भाषा चालत असतील तर दोन्ही बायबलं शेजारी ठेवून हे वचन वाचा. बुद्धी कामाला लावायची, भार मात्र देवावर टाकायचा.

एक वही घ्या. पानाच्या वर हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असा एकच प्रश्न लिहा, सोबत शेवटची तारीख. ‘जमिनीचं काय करावं?’ हा प्रश्न झाला नाही. ‘या महिन्याच्या ३० तारखेआधी विसार द्यावा का?’ हा झाला.

खाली दोन रकाने करा. डावीकडे माहिती: पहाणी (जमिनीचा उतारा) कुणाच्या नावावर आहे, ईसीमध्ये (जमिनीवरच्या बोजाचा दाखला) बोजा दिसतो का, हातात पैसे किती, कर्ज किती काढावं लागेल. हे काम प्रार्थनेच्या नावाखाली टाळू नका. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हे प्रभूनेच सांगितलं आहे (लूक १४:२८).

उजवीकडे लिहा, आपण टेकलोय कशावर. ‘एजंट ओळखीचा आहे.’ ‘भाव वाढणारच.’ ‘भावकीत मान राहील.’ हा रकाना अवघड जातो. अर्धा तास द्या, रात्रभर पान तसंच ठेवा, सकाळी पुन्हा बघा. बहुधा खरी ओळ तेव्हाच सुचते. मग त्यातली एकेक ओळ मोठ्याने देवापुढे कबूल करा.

हा रकाना का लागतो, ते यहोशवा ९ मध्ये दिसतं. तह करायला आलेल्या गिबोनकरांनी, आपण दूर देशाहून आलोय असं भासवायला, बुरसलेल्या भाकरी, फाटके बुधले, झिजलेली पायतणं दाखवली. इस्राएलांनी वस्तू पाहिल्या, पुरावा पटला, आणि परमेश्वराला विचारलंच नाही (वचन १४). तीन दिवसांनी कळलं की ही माणसं शेजारचीच. तहाची शपथ तर देऊन झाली होती. कागद तपासणं चूक नव्हतं, तपासून तिथेच थांबणं चूक होतं.

यानंतर सात दिवस, रोज एकाच वेळी, फोन हातात घेण्याआधी पंधरा मिनिटं. यहोशवा ९, १ शमुवेल २३ आणि याकोब १ आलटून पालटून वाचा आणि प्रार्थनेत हे वाक्य म्हणा: ‘प्रभू, तू नाही म्हणालास तरी मी ऐकेन.’ ते मनापासून निघत नसेल तर निर्णय आधीच झाला आहे आणि देवाची फक्त सही हवी आहे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तसं असेल तर तारीख पुढे ढकला.

याच आठवड्यात दोघांशी बोला: एक व्यवहार जाणणारा, एक प्रार्थना करणारा, आणि दोघांनाही त्यात काही मिळणार नसावं. जमिनीसाठी एकटे पाळक पुरत नाहीत, एकटा वकीलही नाही. घरच्या माणसाला शेवटी सांगू नका, आधी विचारा.

चिठ्ठ्या टाकणं, डोळे मिटून बायबलवर बोट ठेवणं हे टाळा. गिदोनाने लोकरीवर दव पडण्याची खूण मागितली, त्याचा दाखला दिला जातो, पण देवाने त्याला काय करायचं ते आधीच सांगितलं होतं (शास्ते ६:१४). लोकर आली ती त्याच्या डळमळण्यातून.

आजारपणात तर फार जपा. आसा राजाचा दोष असा नोंदला आहे की त्याने परमेश्वराला न विचारता वैद्यांचाच धावा केला (२ इतिहास १६:१२). उलट आजारी हिज्कीया राजाने प्रार्थना केली, आयुष्याची १५ वर्षं वाढवून मिळाली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलं. म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या विश्वासाच्या नावाने बंद करू नका. टीबीचा कोर्स मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. प्रार्थनेनंतर बरं वाटलं तर तपासणी करून घ्या. गोळी कमी करायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

तारीख आली आणि मन अजून दोलायमान असेल तर विसार देऊ नका, मुदत मागा. स्पष्ट झालं तर पाऊल टाका आणि कारण त्याच पानावर लिहून ठेवा. पुढे अडचण आली म्हणून देवाने चुकीचं सांगितलं, असं लगेच ठरवू नका. दावीद देवाला दोनदा विचारून कईला गावाला गेला (१ शमुवेल २३), पलिष्ट्यांना हरवलं, आणि त्याच गावचे लोक त्याला शौलाच्या हाती देणार होते. त्याने पुन्हा विचारलं आणि गाव सोडलं. तुम्हीही वहीत नवं पान घ्या, नवी तारीख टाका.