प्रायव्हेट मेथडची टेस्ट कशी लिहायची?

टीडीडी (आधी टेस्ट, मग कोड) करायला लागलं की हा प्रश्न येतोच. सरळ उत्तर म्हणजे प्रायव्हेट मेथडची (जी क्लासच्या बाहेरून कॉल करता येत नाही) वेगळी टेस्ट लिहायची नाही, पब्लिक मेथडमधूनच ती तपासायची. पण आत व्हॅलिडेशन असलं की तेवढ्याने भागत नाही, म्हणून जावामधलं आयएफएससी कोडचं उदाहरण घेऊ.

हा कोड 11 अक्षरी, पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य, उरलेली सहा ब्रांचची. समजा पेमेंट सर्व्हिसच्या क्लासमध्ये हा फॉर्मॅट तपासणारी एक प्रायव्हेट मेथड लागणार आहे.

सुरुवात नेहमीसारखीच. चुकीचा कोड देऊन सर्व्हिसची पब्लिक मेथड कॉल करायची, एक्सेप्शन आलं पाहिजे अशी टेस्ट लिहायची, ती लाल म्हणजे फेल झालेली बघायची, मग जेमतेम पास होईल एवढाच कोड लिहायचा. एक-दोन टेस्ट मजेत होतात. पुढे मात्र एक स्ट्रिंग तपासायला दरवेळी रिपॉझिटरीचा (डेटाबेसशी बोलणारा क्लास) मॉक, म्हणजे टेस्टपुरता खोटा ऑब्जेक्ट, बँक गेटवेचा मॉक, ईमेलचा मॉक असा सगळा लवाजमा उभा करावा लागतो आणि फेल झालं तर नक्की काय चुकलं तेच कळत नाही. इथे थांबा.

बरेच जण इथे रिफ्लेक्शन वापरतात, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना प्रायव्हेट मेथड नावाने शोधून कॉल करायची जावाची सोय. त्यात मेथडचं नाव स्ट्रिंग म्हणून द्यावं लागतं, उद्या कोणी नाव बदललं तरी कंपाईल बिनबोभाट होतं आणि टेस्ट चालवल्यावर बोंब होते. हात लावायची भीती वाटते अशा जुन्या कोडमध्ये तात्पुरतं चालेल, नवीन कोडमध्ये नकोच.

त्यापेक्षा सगळ्या टेस्ट हिरव्या असताना तो चेक उचलून आयएफएससी व्हॅलिडेटर नावाच्या वेगळ्या क्लासमध्ये टाका, स्ट्रिंग घेणार आणि बरोबर की चूक सांगणार, बाकी डेटाबेसशी वगैरे काही देणंघेणं नाही. जुन्या टेस्ट परत चालवा. या पायरीला नवीन नियम घुसवायचा नाही हं. (दोन ओळींची फॉरमॅटिंगची मेथड असेल तर उगाच बाहेर काढू नका, राहू दे प्रायव्हेट.)

आता नवीन क्लाससाठी जेयुनिट 5 (जावाची टेस्ट लायब्ररी) ची पॅरामीटराईज्ड टेस्ट, म्हणजे एकच टेस्ट वेगवेगळ्या इनपुटवर चालणारी, लिहा आणि एकेक केस वाढवत जा: नल, रिकामी स्ट्रिंग, 10 अक्षरं, 12 अक्षरं, शेवटी स्पेस, आणि शून्याच्या जागी इंग्रजी ओ, हे तर लोक हमखास टाईप करतात. शेवटची सहा म्हणजे फक्त आकडे असं धरू नका, तिथे अक्षरंही चालतात. आणि शेवटी देवनागरी आकडे टाकून बघाच, कारण जावाच्या कॅरॅक्टर क्लासमधलं इजलेटरऑरडिजिट (अक्षर किंवा आकडा आहे का ते सांगणारी मेथड) त्यांनाही आकडाच मानतं, म्हणजे मराठी कीबोर्डवरून टाईप केलेला कोड खुशाल पास! रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (स्ट्रिंगचा साचा लिहायची पद्धत) इंग्रजी ए ते झेड आणि शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहिलं की हे थांबतं. स्मॉल लेटर चालवायची का हे मनाने ठरवू नका, बिझनेसवाल्यांना विचारा आणि मग त्याची टेस्ट लिहा.

हे झालं की सर्व्हिसच्या टेस्टमधल्या फॉर्मॅटच्या केसेस उडवा, दोनच ठेवा: कोड चुकीचा असेल तर गेटवेला कॉल जात नाही, बरोबर असेल तर जातो. तिथे व्हॅलिडेटरचा मॉक करायची गरज नाही, खराच वापरा.